मदत हवी आहे: उन्हाळ्यानंतर बाग सुनी पडते, कोणती फुलझाडं लावू?

एप्रिल-मेमध्ये आमची बाग बघत राहावी अशी असते. बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो, त्याच्याजवळचा मोगरा रोज ओंजळभर कळ्या देतो. जून उजाडला की सगळं नुसतं हिरवं, ते थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. जास्वंद आणि तगर बारमाही फुलतात, पण ऋतू पालटला हे त्यांच्याकडे बघून कळत नाही. सासूबाईंना आता घराबाहेर पडवत नाही. खिडकीतून दिसते तेवढीच त्यांची बाग, म्हणून तिथे दर दोन महिन्यांनी काहीतरी नवं फुलावं असं मनापासून वाटतं.

जागा साधारण 30 बाय 20 फूट. पूर्वेच्या बाजूला दुपारपर्यंत चांगलं ऊन, पश्चिमेच्या भिंतीलगत जेमतेम दोन-तीन तास. माती काळी, पावसात पाणी साचतं. एका कोपऱ्यात जमिनीखाली पाण्याची टाकी आहे, त्यामुळे गुलमोहराचा विचार सोडून दिला. बुचाचं झाड लावा, असं एकांनी सुचवलं आहे. त्याचा वास मला फार आवडतो, पण ते एवढ्या जागेत मावेल का?

आणखी एक अडचण कांचनाची. लावून पाच वर्षं झाली, झाड निरोगी आहे, दर डिसेंबरात नीट छाटून घेते. तरी फेब्रुवारीत फुलं नाहीत. यंदा फाटकामागे गेलेली एक फांदी छाटायची राहिली, तेवढीच फुलली. पाच पाकळ्यांतल्या एकीवर गडद जांभळ्या रेषा, इतकं देखणं फूल! बाकीचं झाड असं का वागतं?

उत्तर

ताई, त्या राहिलेल्या फांदीनेच तुम्हाला उत्तर दिलंय. कांचन आदल्या हंगामात वाढलेल्या फांद्यांवर फुलतो. डिसेंबरात कात्री लावली की येणारी फुलंच कापली जातात. छाटणी फुलं संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये करा आणि नंतर वर्षभर हात लावू नका. मोगऱ्याचं याच्या उलट. तो नव्या फुटव्यांवर फुलतो, म्हणून त्याला हिवाळ्यातली छाटणी मानवते.

बुचाचं झाड इथे नको. ते खूप उंच जातं, लाकूड ठिसूळ असल्याने वादळात फांद्या मोडतात, शिवाय मुळांतून ठिकठिकाणी पिलं फुटतात.

उन्हाच्या बाजूला पारिजातक लावा. पावसाळ्याच्या मध्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत फुलतो आणि छाटून दहा-बारा फुटांत ठेवता येतो. पण पाणी साचलं तर मुळं कुजतात. तुमच्या मातीत वाळू आणि शेणखत मिसळून फूटभर उंचवटा करा, त्यावरच रोप लावा. त्याच उन्हात एक शंकासुर बसेल, तो पावसाळ्यात लाल-पिवळा फुलतो. हिवाळ्यासाठी देवकांचन आहे. रोप घेताना मात्र ‘थंडीच्या सुरुवातीला, पानं असतानाच फुलणारा’ असं स्पष्ट सांगा, कारण दोन्ही कांचनांची पानं आपट्यासारखीच दिसतात आणि रोपांची सहज अदलाबदल होते.

भिंतीलगतच्या सावलीत काटे नसलेली जांभळी कोरांटी चालेल, पावसाळा संपता संपता फुलायला लागते. तिच्या शेजारी, जिथे त्यातल्या त्यात जास्त ऊन आहे तिथे कुंद. थंडीत बाकीची झाडं गप्प असताना तो पांढरा होतो. अनंताचा मोह होईल, पण त्याला आम्ल माती लागते. काळ्या मातीत पानं पिवळी पडतात, म्हणून लावायचाच तर मोठ्या कुंडीत लावा.

पुन्हा मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. आत्ताच कांचन बघून आले. छाटलेल्या प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन-तीन नवे फुटवे आहेत, सगळी पानंच. म्हणजे पाच वर्षं मीच फुलं कापत होते, फार वाईट वाटलं. यंदा कात्री उचलणार नाही. पारिजातक खिडकीपासून किती लांब लावू? सासूबाईंना सकाळचा सडा दिसायला हवा.

उत्तर

आठ-दहा फूट ठेवा. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात, तेव्हा खालची जमीन मोकळी असू द्या, दाट झुडपं लावू नका. मग पांढऱ्या पाकळ्या आणि केशरी देठ अंथरुणातूनही दिसतील.