फ्रेजल व्हर्बचं स्पॅनिश करताना आधी लॅटिन जुळा शोधावा का?

कोशकीटक
इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये अनुवाद करताना फ्रेजल व्हर्बशी (साध्या क्रियापदाला 'ऑफ', 'अप'सारखं शेपूट जोडून बनलेल्या क्रियापदाशी) झटापट करणाऱ्यांना माझा एकच सल्ला: आधी त्याचा लॅटिन कुळातला इंग्रजी जुळा शोधा. 'पुट ऑफ' म्हणजे 'पोस्टपोन', त्यावरून 'पोस्पोनेर'. 'लुक इन्टू' म्हणजे 'इन्व्हेस्टिगेट', त्यावरून 'इन्बेस्तिगार'. लोक उगाच 'ऑफ', 'अप', 'आउट' या शेपटांचा अर्थ लावत बसतात.

तिसरा खर्डा
असहमत. ही युक्ती परीक्षेपुरती. 'पुट आउट'चा जुळा 'एक्स्टिंग्विश', त्यावरून 'एक्स्तिंगिर'. वणव्याला चालेल. सिगारेटला लावलंत तर 'त्याने सिगारेटचं अग्निशमन केलं' असं काहीतरी होईल. तिथे साधं 'आपागार' हवं. दिवा, टीव्हीलाही तेच. आणि 'ब्रेक डाउन'? गाडी बंद पडली तर 'आबेरिआर्से', माणूस कोसळला तर 'देर्रुम्बार्से', खर्चाची फोड केली तर 'देस्ग्लोसार'. यातला जुळा कोणता म्हणे?

कोशकीटक
सिगारेट मान्य. पण 'पोस्पोनेर' तिकडे कोणाला जड वाटत नाही. इंग्रजीत लॅटिन शब्द कोट घालून येतात. स्पॅनिश लॅटिनचीच लेक, तिला ते घरचे.

तिसरा खर्डा
सगळेच नाहीत हो. 'पुट अप विथ'ला तुम्ही 'तोलेरार' द्याल. वैतागलेला माणूस 'नो लो आग्वांतो' म्हणतो, म्हणजे मला तो सहन होत नाही.

उंबरठा
दोघंही शब्दाला शब्द शोधताय. खरी गंमत वाक्याच्या बांधणीत आहे. भाषावैज्ञानिक लेनर्ड टाल्मी यांनी 1985 मध्ये मांडलेला फरक बघा: इंग्रजी हालचालीची रीत क्रियापदात घालते आणि दिशा त्या शेपटात, स्पॅनिश दिशा क्रियापदात घालते आणि रीत मागाहून जोडते. 'लिंप्ड आउट'चं 'सालिओ कोहेआन्दो' होतं, म्हणजे लंगडत बाहेर पडला. 'किक्ड द डोर ओपन' म्हणजे 'आब्रिओ ला पुएर्ता दे उना पातादा', लाथ मारून दार उघडलं. मराठीचीही हीच चाल! इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत करा, स्पॅनिशचा निम्मा सांगाडा तयार मिळतो. शेपूट टाकायचं नसतं, कोशकीटकजी, त्याचंच क्रियापद होतं.

तळटीप
सांगाडा ठीक, पण कादंबरीत करून बघा. इंग्रजी लेखक एका परिच्छेदात पात्राला जिन्यावरून धडपडत, खोलीत सरपटत, खिडकीतून डोकावत नेतो. प्रत्येक वेळी 'आन्दो', 'इएन्दो' (आपल्या 'लंगडत'मधल्या 'त'सारखे प्रत्यय) जोडलेत की वाचक कंटाळतो. म्हणून अनुवादक पुष्कळदा रीत गाळतात. भाषा-मानसशास्त्रज्ञ डॅन स्लोबिन यांनी 1996 च्या लेखात हेच दाखवलं आहे. मी त्याला चोरी म्हणत नाही. जिना उतरला एवढं पुरे असेल तिथे पुरे.

तिसरा खर्डा
पुरे कधी आहे हे अनुवादकाने परस्पर ठरवायचं? लंगडणं गाळलंत आणि पुढच्या प्रकरणात त्या पायावरच कथा वळली तर?

उंबरठा
आणखी एक. 'ईट अप', 'ड्रिंक अप'मधलं 'अप' दिशेचं नाही, संपवण्याचं आहे. स्पॅनिशमध्ये हे काम इवलासा 'से' करतो: 'से कोमिओ ला मान्साना', त्याने सफरचंद खाऊन टाकलं. समोरच्याला सांगताना 'से'चा 'ते' होतो: 'बेबेते ला लेचे', दूध पिऊन टाक. आपलं 'टाकणं'च ते. फक्त वस्तू ठरलेली हवी. नुसतं 'सफरचंदं खाल्ली'ला हा 'से' चालत नाही.

धावती नोंद
देश कोणता, हे कोणीच विचारत नाहीये. 'पिक अप'ला मी एकदा 'कोहेर' लिहिलं. स्पेनमध्ये निरुपद्रवी. मजकूर अर्जेंटिनाला जाणार होता, तिथे तो शब्द शय्यागृहातला. तपासणाऱ्या बाईंनी लाल शाईत नुसतं '!!!' लिहून पाठवलं. आणि अमेरिकेतले स्पॅनिशभाषक 'कॉल बॅक'ला सर्रास 'यामार पारा आत्रास' म्हणतात, शब्दशः मागे फोन करणं. व्याकरणवाले नाक मुरडतात. मला विचाराल तर त्या वाचकांसाठीच्या संवादात मी ते ठेवीन.

तळटीप
संवादात ठेवा, निवेदनात नको. माद्रिदचा वाचक अडखळेल.

कोशकीटक
बरं, जुळ्याची युक्ती पहिला उपाय नव्हे, शेवटचा, एवढं मागे घेतो. पण 'लाफ ऑफ' सोडवून दाखवा. 'त्याने टीका लाफ ऑफ केली.' इथे लॅटिन जुळाही नाही आणि उंबरठा यांची दिशाही.

उंबरठा
'से तोमो ला क्रितिका आ रिसा.' टीका हसण्यावारी नेली.