मदत हवी आहे: ब्रेन कोरलच्या तोंडातला घास श्रिम्प (कोळंबी) पळवतो
माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ट्रॅकीफिलिया (हाच तो ब्रेन कोरल, एक मांसल प्रवाळ) वाळूवरच ठेवलाय, लाइट कमी, पाण्याचा फ्लो हलका, दिवसा मस्त फुगतो पण एका कडेचं मांस मागे सरकून पांढरा सांगाडा दिसायला लागलाय. पाण्याची अल्कलिनिटी ८.५ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४३०, नायट्रेट १०, सॅलिनिटी १.०२५, सगळं स्थिर आहे आणि शेजारी दुसरा कोरल नाही, त्यामुळे डंख वगैरे नसणार. रात्री टेंटॅकल (घास पकडणारे तंतू) बाहेर आले की पंप बंद करून बारीक मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव, खाद्य म्हणून) देतो, पण त्याने गिळायच्या आत क्लीनर श्रिम्प अंगावर चढून पार तोंडात पाय घालून ओढून काढतो, मेला! बाटली कापून वर पालथी घातली तर कोरल मिटूनच बसतो. टाकी एकच आहे, श्रिम्प काढायचा नाहीये. आधी श्रिम्पला भरपेट देऊन मग याला द्यावं, का कड भरेपर्यंत खाणं बंद ठेवून नुसत्या लाइटवर (अंगातलं शेवाळ उजेडात जे अन्न बनवतं त्यावर) सोडावं?