'वर्णी लागली' की 'समावेश झाला'? रॉन सँटोच्या लेखात अडलोय

मुक्काम_शिकागो:
इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकाला रॉन सँटोवर लेख दिलाय. बेसबॉलचा खेळाडू, शिकागो कब्ज संघ, जागा तिसरा बेस. शेवटचं वाक्य होतं, 'अखेर हॉल ऑफ फेममध्ये त्याची वर्णी लागली.' हॉल म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचं मानाचं दालन, कूपरस्टाउन गावी, आत जायला मतदान होतं. संपादकबाईंनी खोडून 'त्याचा समावेश करण्यात आला' केलं, म्हणाल्या वर्णी वशिल्याने लागते, महामंडळावर लागते. मी तर लहानपणापासून पेपरात 'रणजी संघात वर्णी' असंच वाचत आलोय. आणि समावेश मला नकोच आहे, समावेश वाणसामानाच्या यादीत पण होतो. हा माणूस १९८० ला पहिल्यांदा मतपत्रिकेवर आला तेव्हा चार टक्केसुद्धा मतं पडली नाहीत, लागतात ७५. पत्रकारांच्या मतदानात सगळ्यात जास्त मिळाली ती ४३ टक्के, १९९८ ला, आणि तिथे ती वाट बंद झाली. मग समित्यांपुढे नाव जायचं आणि परत यायचं. ३ डिसेंबर २०१० ला तो गेला, आणि ५ डिसेंबर २०११ ला समितीत १६ पैकी १५ मतं पडली! एवढं सगळं 'समावेश' मध्ये कुठे दिसतं सांगा.

बाराखडी:
वर्णी मुळात मानाचा शब्द आहे हो. आमच्याकडे राजापूरला अनुष्ठान असलं की आजी म्हणायची 'अमक्यांना वर्णी दिली', म्हणजे सुपारी देऊन आधीच निवडून ठेवलं. वरण म्हणजे निवडणं, नवरी वराला वरते तेच. पुढाऱ्यांनी शब्द नासवला म्हणून आपण का सोडायचा? वाक्य ठेवा.

अडगुलं:
मूळ काहीही असू दे, आज कानाला काय लागतं ते बघायला नको का. मी सोलापुरात सरकारी कचेरीत आहे, आमच्याकडे 'त्याची वर्णी लागली' म्हटलं की सगळे लगेच विचारतात, कुणाचा फोन आला होता. तुमच्या खेळाडूला एवढी वर्षं अडवून ठेवलं आणि शब्द असा वापरायचा की वाचणाऱ्याला वाटावं कुणीतरी आत घुसवला. बाईंचं बरोबर आहे.

विहीरवाट:
आधी 'हॉल ऑफ फेम' चं बघा. आपल्याकडे तयार शब्द असताना तसंच का लिहायचं? कीर्तिमंदिर. आमच्या बडोद्यात आहेच, सयाजीरावांनी बांधलेलं, आत नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत. 'कीर्तिमंदिरात मानाचं स्थान' लिहा, वर्णीचा प्रश्नच मिटला.

मुक्काम_शिकागो:
विहीरवाट, शब्द सुंदर आहे पण इथे मला तोच बोचतो. बडोद्याचं कीर्तिमंदिर गेलेल्या गायकवाडांच्या स्मृतीसाठी आहे ना? हॉलमध्ये जिवंत माणूस स्वतः उभा राहून भाषण करतो. स्कॉट रोलेन, हाही तिसऱ्या बेसचाच, २०१८ ला १०.२ टक्क्यांवर होता, २०२३ ला ७६.३ ने आत गेला आणि कूपरस्टाउनला स्वतः बोलला. सँटोच्या वेळी जुलै २०१२ ला त्याची बायको बोलली. कीर्तिमंदिर म्हटलं की गेल्यावरच आत जायची रीत असल्यासारखं वाटतं, आणि मला नेमकं त्याचंच वाईट वाटतंय.

तळेगावची:
लेखाचं नाव काय दिलंय?

मुक्काम_शिकागो:
'रॉन सँटोची कैफियत'.

तळेगावची:
बदला. मी बावीस वर्षं वकिलांकडे टायपिंग केलं, दिवाणी दाव्यात कैफियत प्रतिवादी देतो. सँटोवर दावा कुणी लावलाय? तुम्ही त्याचा कैवार घेताय. आणि आम्हाला खेळ कळत नाही, त्याला का घ्यायला हवं होतं ते तरी सांगा.

बाराखडी:
कैफियत म्हणजे नुसती हकीकतसुद्धा होते की, जुन्या गावांच्या कैफियती असतात तशी. कोर्टाने शब्द विकत घेतलाय का?

मुक्काम_शिकागो:
तळेगावची, कैवार आवडला, घेतो. आता का ते. तिसरा बेस म्हणजे उजव्या हाताच्या बॅटरने ओढलेला बॉल अंगावर येतो ती जागा, इथे हॉट कॉर्नरच म्हणतात. तो बॉल अडवायचा आणि तिथून आख्खं मैदान ओलांडून पहिल्या बेसला फेकायचा, जवळजवळ ३९ मीटर, आणि वर बॅटिंगही दणदणीत पाहिजे. दोन्ही जमणारे थोडेच, म्हणून हॉलमध्ये या जागेचे खेळाडू कमी. सँटोचे ३४२ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका), १९६४ ते ६८ सलग पाच गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचं बक्षीस, आणि नऊदा ऑलस्टार, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड. आणि हे सगळं टाइप वन मधुमेह घेऊन, अठराव्या वर्षी कळला होता, संघ काढून टाकेल म्हणून बरीच वर्षं बाहेर बोलला नाही, १९७१ ला जाहीर सांगितलं. तेव्हा घरी साखर मोजायचं मशीन कुठलं, स्वतःच्या अंगावरूनच ओळखायचा. एकदा तिन्ही बेस भरलेले, ह्याची पाळी, आणि साखर इतकी उतरली की एकाचे तीन बॉल दिसायला लागले. मधल्यावर बॅट फिरवली, होमरन! तो स्वतः सांगायचा ही गोष्ट. पुढे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले तरी रेडिओवर कॉमेंट्री करत होता, मी इथे नवीन असताना गाडीत तोच आवाज लावायचो, कब्जच्या हातून कॅच सुटला की समालोचक राहायचा नाही, कळवळून ओरडायचा.

अडगुलं:
वाचून अंगावर काटा आला. पण 'साखर उतरली' म्हणजे कंट्रोलमध्ये आली असं वाटतं. आमच्या बाबांना इन्सुलिन आहे, आम्ही 'साखर पडली' म्हणतो.

विहीरवाट:
आमच्याकडे 'साखर खाली गेली'. पडली म्हणजे सांडली.

तळेगावची:
आई 'लो झाली' म्हणते. हातात गूळ घेऊन धावताना कोण शब्द शोधणार?

मुक्काम_शिकागो:
अहो, वर्णी ठेवू की नको? बाईंना उद्या रात्रीपर्यंत कळवायचंय.

बाराखडी:
ठेवा. मात्र आत्ताच राजापूरला काकांना फोन लावला होता, ते म्हणतात आजी वर्णी म्हणतच नव्हती, 'वरणी' म्हणायची. मला अजून तिच्या तोंडचं वर्णीच ऐकू येतंय. कोकणातलं कुणी आहे का इथे?