आई आणि ताईला एंडोमेट्रिओसिस, मी जीन टेस्ट करू का?

आईला एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) होतं, ताईलाही निघालं, आता माझी पण पाळी भयंकर दुखते. इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या (पेशीत इस्ट्रोजेन हार्मोनचा संदेश घेणाऱ्या प्रोटीनच्या) जीनमध्ये फरक असला की होतं असं वाचलं, खरंय का? खूप घाबरलेय.

– घाबरू नकोस गं. तो जीन म्हणजे ईएसआर१, ६ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो, त्यातले फरक आजार नसलेल्या कितीतरी जणींतही सापडतात आणि अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. जुळ्या बहिणींच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ५० टक्के आलाय, पण तो एकाच जीनचा नाही, बऱ्याच जीन्सचा थोडा थोडा मिळून. त्यामुळे एका टेस्टवरून हो-नाही कळणार नाही.

– पीसीओएसचं (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते, तो अंडाशयाचा त्रास) पण तसंच. एफएसएच आणि एलएच या अंडाशयाला चालना देणाऱ्या हार्मोन्सच्या रिसेप्टरचे जीन्स २ नंबरच्या क्रोमोसोमवर शेजारीशेजारी, त्या भागाचा संबंध दिसलाय, तरी निदान पाळी, हार्मोन्स, सोनोग्राफी बघूनच करतात.

– टेस्टपेक्षा आई-ताईची हिस्ट्री डॉक्टरांना आधी सांग. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी एंडो असू शकतं, मला "सहन कर" ऐकण्यात वर्षं गेली, तू थांबू नकोस प्लीज.

– थँक्यू, उद्याच अपॉइंटमेंट घेते, ताईचे रिपोर्ट पण नेऊ ना?

– हो, नक्की ने.