वस्तीत फुकट कॉम्प्युटर क्लास चालू करायचाय, सल्ला द्या

पर्वतीकर: आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी मुलांसाठी क्लास काढायचा विचार आहे, एका ऑफिसने ६ जुने डेस्कटॉप दिलेत, ४ जीबी रॅमचे, पण विंडोज सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागतात. काय करू? आणि शिकवणारा कोणी नाही.

लिनक्सवाली ताई: विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाका, तिची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या, फुकट आहे आणि ४ जीबीत नीट चालतं. मराठीत टाइप करायला इनस्क्रिप्ट कीबोर्डही चालू करून द्या, आमच्याकडे एका मुलीने पहिल्यांदा आईचं नाव टाइप केलं आणि स्क्रीनवर बोट ठेवून सगळ्यांना दाखवत बसली.

जुना मास्तर: शिक्षक नाही म्हणून थांबू नका हो. १९९९ साली संशोधक सुगता मित्रांनी दिल्लीत कालकाजीला झोपडपट्टीलगतच्या भिंतीत कॉम्प्युटर बसवला होता, पोरं एकमेकांचं बघून शिकली. तरी माझं मत, कोणीतरी मोठं माणूस जवळ हवंच, नाहीतर दांडगी पोरं माऊस सोडत नाहीत न मुली मागे राहतात. मुलींचा वेळ वेगळा ठेवा.

पर्वतीकर: हे डोक्यातच नव्हतं आलं! ५ ते ६ फक्त मुलींना. मिंट रविवारीच टाकतो.