मदत हवी आहे: चेटकीण-व्हॅम्पायरची कादंबरी पुढे वाचू की सोडू?

अर्धवाचक: लोकहो, जरा लवकर सांगा प्लीज, रविवारी वाचनगटात मला यावर बोलायचंय आणि मी अर्ध्यात अडकलेय. पहिल्याच प्रकरणात हिरोइन नुसत्या नजरेने अख्ख्या गावातले दिवे विझवते, म्हटलं वा, आता मजा येणार. मग तो येतो. उंच, फिकट, शेकडो वर्षांचा, पैसा तर विचारूच नका. आणि तिथून पुढे बाई जादूच विसरल्या! जिना चढायचा तर हा उचलून नेणार, हिला भूक लागली तेही हाच वासावरून ओळखणार, साधा फोन करायचा तरी ही त्याच्या तोंडाकडे बघते. मधली पानंच्या पानं तो तिला झोपलेली बघत बसलाय. पुढे सुधारतं का? जादू परत येते का? एवढंच हवंय.

पानपलटू: नाव काय पुस्तकाचं?

अर्धवाचक: मुद्दाम लिहिलं नाहीये, मागे एका धाग्यावर फॅन मंडळी तुटून पडली होती. वर्णनावरून कळेलच की.

पानपलटू: ताई, या वर्णनात अर्धं कपाट बसेल. मालिका आहे का? कितवा भाग?

अर्धवाचक: तीन आहेत, हा पहिला. तिन्ही आणून ठेवलेत, तेच तर दुखणं आहे.

काळाकोट: मुळात हे प्रेमळ व्हॅम्पायर मला झेपत नाहीत. तुमचा हिरो उन्हात फिरत असेल ना? मूळ ड्रॅक्युला वाचा, उन्हात राख होतो.

पानपलटू: काका, तुम्ही वाचलाय का? स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत तो भरदिवसा लंडनमध्ये हिंडतो, फक्त शक्ती कमी पडतात. उन्हाने मरणं आलं १९२२ च्या नोस्फेराटू या मूकपटातून.

काळाकोट: असेल. पण त्याची भीती तरी वाटायची.

कानसेन: ऑडिओबुक घ्या, दीडपट स्पीडवर लावा, पाल्हाळ जाणवतच नाही, मी कामं करता करता असंच उरकते सगळं.

अर्धवाचक: अहो ऑडिओ नकोय, पुढे काय होतं ते हवंय.

जुनी_पानं: त्यापेक्षा शेरिडन ल फानूची कार्मिला वाचा. १८७२ ची, ड्रॅक्युलाच्याही २५ वर्षं आधीची, आणि व्हॅम्पायरच बाई आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या साइटवर फुकट मिळते.

गुलाबी_चष्मा: धागाकर्तीची अपेक्षाच चुकलीये असं माझं वैयक्तिक मत. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये गोष्ट जोडीची असते, शेवट गोड असतो, जादू मागे राहते. जादू पुढे हवी असेल तर अर्बन फँटसी, म्हणजे आजच्या शहरात घडणाऱ्या जादूच्या गोष्टी, वाचा ना, मग रोमान्सला नावं ठेवायला नकोत.

अर्धवाचक: जोडी असती तर तक्रार कशाला केली असती? तो प्रेमात पडला तो गावाचे दिवे विझवणाऱ्या बाईच्या, बरोबर? मग ती बाई गेली कुठे? आता उरलीये ती कुणीही असती तरी चाललं असतं, आणि त्याचं प्रेम तेवढंच राहतं, मग ते प्रेम तरी कसलं!

पानपलटू: +१

गुलाबी_चष्मा: काही बायकांना काळजी घेतलेली आवडते, हलके घ्या.

रातकिडा: नावाचा व्यक्तिगत निरोप करा, ओळखीचं वाटतंय.

अर्धवाचक: केलाय.

रातकिडा: वाटलंच होतं. तिन्ही वाचलेत मी. (स्पॉयलर आहे, नको असेल तर पुढचं वगळा.) दुसऱ्या भागात तिची मावशी येते, ती हिला गाठ मारून वारा बांधायला शिकवते, तेवढी प्रकरणं खरंच झकास आहेत. मावशी त्या हिरोला दारातच उभा ठेवते, निमंत्रणच देत नाही, त्याशिवाय व्हॅम्पायरला घरात येता येत नाही ना, आणि तो बिचारा पावसात! तिसऱ्यात लग्न, घराण्याचे वाद, आणि जादू फक्त त्याला वाचवण्यापुरती. रविवारसाठी पहिला भाग पुरे झाला.

गुलाबी_चष्मा: तिसरा भाग सगळ्यात भारी आहे, तुम्ही नीट वाचला नाहीत.

अर्धवाचक: रातकिडा, धन्यवाद. मावशीची प्रकरणं तेवढी वाचते, बाकीचं राहू दे. मावशीवर वेगळं पुस्तक आहे का हो?