समोरच्याला नेमकं काय हवं होतं? तुमचे अनुभव लिहा

गोकुळपेठकरीण

आईने विचारलं, "संध्याकाळी बर्डीवर जाणार आहेस का?" (बर्डी म्हणजे आमच्या नागपूरची सीताबर्डी बाजारपेठ.) मी म्हटलं, "नाही." विषय संपला, असं मला वाटलं. तीन दिवसांनी मावशीकडून कळलं की आई रुसून बसली आहे. तिला बर्डीवर जायचं होतं, माझ्यासोबत.

त्याच आठवड्यात ऑफिसात वेगळीच तऱ्हा. बेसाकडच्या एका फ्लॅट स्कीमची जाहिरात आम्ही केली होती. स्विमिंग पूल, क्लबहाउस, सगळं रंगवून लिहिलं. साइटवर आलेला पहिलाच माणूस विचारतो, "उन्हाळ्यात टँकर लागते का?" दुसरा तेच, तिसरा तेच. जाहिरातीत पाण्याबद्दल एक ओळ नव्हती.

दुकान, घर, नवरा-बायको, गिऱ्हाईक, काहीही चालेल. फक्त स्वतःचा अनुभव लिहा, आणि चूक कशी लक्षात आली तेही लिहा.

कूलरवाला

पाडवा झाला की आमचा सीझन. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दुकानात जेवायला फुरसत नसते. गिऱ्हाईकाचा ठरलेला प्रश्न, "हवा किती दूर फेकते?" म्हणून मी वर्षानुवर्षं हवाच विकली. अठरा इंची पंखा लावायचा, समोर रुमाल धरायचा, तो फडफडला की सौदा पक्का.

एकदा एक जोडपं आलं. भाऊ पंख्यापुढे उभे राहून हवा खाऊन राहिले होते. काकू मात्र सरळ मागे गेल्या, बाजूची गवताची ताटी उचलली आणि आत टाकीत डोकावल्या. "किती पाणी मावते जी?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं, साठ लिटर. त्या काही बोलल्या नाहीत. भाऊंनी कूलर घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात काकू एकट्याच आल्या. म्हणाल्या, "तुमचा कूलर चांगला आहे, पण माझी कंबर गेली." नळ पहाटे येणार, पाणी ड्रममध्ये भरायचं आणि मग बादलीबादलीने कूलरमध्ये ओतायचं. ते सगळं त्यांच्यावर. दुपारी टाकी आटली की पुन्हा तेच. साठ लिटर म्हणजे पाच-सहा बादल्या, हे गणित मी कधी केलंच नव्हतं. मी त्यांना वरच्या टाकीपासून पाइप टाकून बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा नळ, बसवून दिला. तेव्हापासून दुकानातल्या एका कूलरला बॉलकॉक लावूनच ठेवतो, आणि जोडपं आलं की आधी मागच्या बाजूला नेतो. रुमाल अजून आहे, पण तो भाऊंसाठी.

जुलैतलं एक वेगळंच. पाऊस सुरू झाला की तक्रारी येतात, "कूलर थंड करून नाही राहिला." हवेतच ओलावा असला तर ताटीतलं पाणी उडत नाही, मग कूलर म्हणजे नुसता पंखा. पूर्वी हे मी दहा मिनिटं समजावून सांगायचो आणि माणूस चिडूनच जायचा. आता पोऱ्याला घरी पाठवतो. तो ताट्या झटकतो, खिडकी उघडायला लावतो, पंप बंद करतो. कूलर तसाच राहतो, पण तक्रार बंद होते.

शिलाईवाली

हे "मनातलं ओळखा" प्रकरण मला पटत नाही. मला शिलाई मशीन पाहिजे, हे मी पाच वर्षं सांगून राहिली होती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला यांनी सोन्याची चेन आणली. वर म्हणतात, "पाहा, न सांगता ओळखलं!" काय ओळखलं बाप्पा? मी ती चेन मोडायला निघाली तेव्हा कुठे मशीन आलं. आधी कान उघडे ठेवा, मन मग वाचा.

रिटायर्ड सेल्समन

शिलाईवाली ताईंना अर्धं अनुमोदन. बाजारात मात्र माणूस खरं सांगतोच असं नाही, कारण कधी कधी त्यालाच लाज वाटते. टाटांची नॅनो आठवते? 2009 मध्ये बाजारात आली, लाखाची गाडी म्हणून. आमचे एक काका स्कूटरवरून कारवर यायला टपलेले होते. गाडी पाहून आले, फिरवून आले आणि शेवटी दुसऱ्या कंपनीची सेकंडहँड घेतली, तीही महाग. कारण विचारलं तर म्हणाले, "डिकी लहान आहे." खरं कारण काकूंनी सांगितलं. मोहल्ल्यात "सगळ्यात स्वस्त गाडीवाले" म्हणवून घ्यायचं नव्हतं. ही स्वस्ताईची ओळख चुकली, असं रतन टाटांनीही पुढे बोलून दाखवलं होतं.

कॉर्नफ्लेक्सचंही तेच. केलॉग्ज 1994 मध्ये आलं तेव्हा आमच्या घरात सकाळी दूध म्हणजे उकळतं दूध. त्यात टाकले की दोन मिनिटांत लगदा. आईने एकदा खाल्ले आणि म्हणाली, "यापेक्षा तर्री पोहे काय वाईट आहेत?"

काटोलकर

पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं फोनवर सांगतात, "संत्री मोठीच पाठवा." मोठं फळ बरेचदा पोचट निघते, साल सुटलेली आणि आत रस कमी. पण मागितलं तेच दिलं पाहिजे, म्हणून पाठवत होतो. एकदा मोठा माल संपला आणि मध्यम गेला. शिव्या खायची तयारी ठेवली होती. पुढच्या आंबिया बहाराला, म्हणजे संत्र्याच्या पुढच्या हंगामाला, पहिले फोन त्याच लोकांचे. "मागच्या वेळी पाठवली होती ना, तशीच मोठी पाठवा."

गोकुळपेठकरीण

काटोलकर भाऊ, हसून पुरेवाट झाली. इकडचं सांगते. रविवारी आईला स्वतःहून विचारलं, "चल, बर्डीवर जाऊ." म्हणाली, "काहून? मला काही घ्यायचं नाही, पाय दुखतात." हो, पण साडी बदललेली होती. गेलो. दोन तास फिरून चार रुमाल घेतले आणि येताना ऑटोत मला म्हणते, "तुलाच यायचं होतं ना, झालं समाधान?"

कूलरवाले भाऊ, तो बॉलकॉक कितीला पडेल?

कूलरवाला

दुकानात या, लावून दाखवतो. पण आईला घेऊन या.